तळचा गाळ

केळूसला रघबा किनळेकर मडकं कधीच पूर्ण धूत नाही.
तळाशी बोटभर गाळ राखतो, कालच्या माडीचा.
म्हणतो, आजच्या रसाक कोणी शिकवूक नको?
मी त्याच्या धाकट्या भावाची मुलगी.
तोच गाळ तीन नळ्यांत भरून,
बर्फाच्या डब्यात घालून,
रात्रीच्या एस्टीनं प्रयोगशाळेत नेते.
कंडक्टर विचारतो, मासळी?
मी हो म्हणते.

एक नळी पुळणीवरच्या एकट्या माडाची.
एक विहिरीजवळच्या.
तिसरी आगरातली,
जिथं सदू पेडणेकर दर वर्षी पोफळींवर
मोरचूद नि चुना फवारतो
आणि वारा खाडीकडून फिरला
की माडाची पोय, मडक्याचा काठ, रघबाची बंडी
सगळ्यावर निळी भुकटी बसते.

तांबं चिमूटभर हवंच, मूठभर झालं की मारतं.
यीस्टकडे त्यावर एक जनुक आहे:
तांब्याला पकडून गप्प बसवणाऱ्या प्रथिनाचं.
पुळणीच्या माडात त्याची प्रत एक.
विहिरीजवळ दोन.
आगरात नऊ,
एकीला खेटून एक,
सातेरीच्या देवळात एकाच घरानं
एकाच भीतीपोटी भरलेल्या ओट्यांसारख्या.
तीनदा मोजलं. नऊच.

फोनवर सांगितलं तर रघबा खूश.
"नऊ? मगे जोर पण नऊपट असतलो!"

नाही ना काका.
तांबं नसलेल्या साखरपाण्यात
नऊच्या नऊ मुक्या, जवळजवळ.
मोरचुदाचा एक थेंब टाकला
की अर्ध्या तासात गलका.
पण तोही नऊपट नाही,
सहाच्या आसपास कुठंतरी अडतो.
आणि पेशी पेशी वेगळी:
एक भडाभडा बोलते,
तिच्याच पोटातून आत्ता सुटलेली दुसरी
नुसती पुटपुटते.
प्रती त्याच, पाणी तेच.
वहीच्या समासात मी लिहिलंय: का?
ते पान उलटून आता दोन महिने झाले.

आमच्या घरात कोयत्या पाच.
आजोबांनी एकाच लोहाराकडून, एकाच दिवशी घडवून घेतलेल्या.
एकीचा धनी मस्कतला.
एक शहाळी विकणाऱ्या गड्याला दिली, परत आली नाही.
एक कुणाची ते कुणालाच आठवत नाही.
माझ्या बाबांची वाशीत, माळ्यावर,
तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेली;
दिवाळीला बाहेर काढतात, पुसतात, ठेवतात.
रोज सकाळ-संध्याकाळ पोय तासते ती एकच.
हे प्रबंधात बसत नाही,
मार्गदर्शक बाई म्हणाल्या असत्या, पुरावा?

मग सदू आजारी पडला. फवारणी झाली नाही.
वर्षानं रघबानं आगरातला गाळ पुन्हा पाठवला,
आंब्याच्या लोणच्याच्या बरणीत, झाकणाला फडकं बांधून.
मोजलं: पाच. चार. पुन्हा चार. तीन.
विष नाही तर ओझं कोण वाहील;
प्रत्येक प्रत बनवायला खर्च येतो,
आणि दोन प्रती एकमेकींवर घसरल्या
की एखादी सहज गळून जाते,
गुणाकारात हातचा विसरावा तशी.

पण एका वसाहतीत, ताटलीच्या कडेला,
टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या ठिपक्यात,
अकरा.

काकाला सांगावं की नाही, असा विचार केला.
सांगितलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मागं लाटांचा आवाज, कुणीतरी सुकट झाडत होतं.
"धाडून दी तिका परत," म्हणाला.
"सदू बरो झालो मां. फुडल्या वर्सा फवारतलोच."

काका, असं करता येत नाही, मी म्हटलं,
प्रयोगशाळेतलं बाहेर नेत नाहीत, नियम आहेत.
"बरां," म्हणाला. "मडक्यात जागा ठेवतंय."

एस्टी आंबोलीच्या घाटात वळणं घेते.
मांडीवर डबा. बर्फ अर्धा विरघळलेला.
कंडक्टर विचारतो, मासळी?